छज्जा वरून का तडकला?

गेल्या वर्षी आमच्या गटाने धान्य ठेवायला एक खोली बांधली. पैसा बचतीचा, म्हणून सिमेंटच्या पोत्यापोत्याचा हिशेब ठेवला होता. तरी सेंट्रिंग काढल्यावर आठवड्यात छज्जा भिंतीलगत वरून तडकला. ठेकेदार म्हणाला, "ताई, ठोकळ्याची टेस्ट पास आहे." कागद खराच होता. पण ठोकळा दाबून बघतात, आणि आमचा छज्जा तडकला तो ओढीने.

खडू घ्या. दोन्ही टोकांनी दाबा, टिकतो. वाकवा, लगेच मोडतो. काँक्रीटचंही तसंच. दाब जेवढा सोसतं, त्याच्या साधारण दहावा हिस्साच ओढ सोसतं.

ही ओढ मोजायची कशी? दोन टोकं धरून ओढायला गेलं तर पकडीपाशीच तुकडा पडतो. म्हणून 15 सेंटिमीटर जाड, 30 सेंटिमीटर लांब असा गोल लोड ओततात, 28 दिवस पाण्यात ठेवतात आणि यंत्रात आडवा निजवून वरून दाबतात. दाब वरून, पण आत ओढ बसते आडवी. लोड मधोमध उभा चिरतो.

याची गोष्ट मला फार आवडली. ब्राझीलच्या रिओ शहरात मोठा रस्ता काढायचा होता. वाटेतलं जुनं चर्च रुळांवर सरकवायचं ठरत होतं. युद्धकाळात लोखंड मिळेना, म्हणून काँक्रीटचे रूळ करायचा विचार झाला. ते तपासताना ते उभे चिरतात हे फर्नांडो कार्नेरो या इंजिनिअरने पाहिलं आणि 1943 मध्ये ही पद्धत मांडली. चर्च शेवटी पाडलंच, चाचणी मात्र राहिली.

दुसरी रीत म्हणजे काँक्रीटची तुळई दोन टेकूंवर ठेवून वरून भार द्यायचा. ती खालून तडकते. रस्त्याच्या काँक्रीटला हीच बघतात.

खोलीच्या स्लॅबलाही मधोमध ओढ खालीच, म्हणून तिथे मुख्य सळया खाली. छज्जाला आधार एकाच बाजूचा, त्यामुळे ओढ वर, आणि सळयाही वरच हव्यात. आमचा तोडला तेव्हा त्या तळाशी निघाल्या. माल ओतताना मजुरांच्या पायांनी दबल्या होत्या. कुठल्याही ठोकळ्यात हे दिसलं नसतं.

नवा छज्जा ओतला तेव्हा वरच्या सळयांखाली लोखंडी खुर्च्या बसवून घेतल्या. शेवटची पाटी पडेपर्यंत मी शिडीवर उभी. ठेकेदार इतका रागावला, की आमचा चहाही घेतला नाही.