डाकूचा मुलगा बहादूर



आमच्या बोरगावात घरी मराठी आणि शाळेत हिंदी. त्यामुळे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मला दोन्ही भाषांत भेटले. नागपूरहून कुणी अंक आणला तर ‘वेताळ’, सौंसरला मिळाला तर ‘वेताल’. घरचे म्हणत, ‘चित्रं काय बघत बसलास?’ त्या चित्रांत राजकारणही होते, हे आता साठी उलटल्यावर उमगते.

टाइम्स ऑफ इंडियाने ही मालिका १९६४ मध्ये सुरू केली. ली फॉक यांच्या वेताळकथांत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष डॉ. लुआगा होते आणि सत्ता बळकावू पाहणारा जनरल बबाबूही होता. लोकशाही आणि लष्करशाही यांतला फरक आम्ही तिथे पाहिला. पण तो देश दूरचा, आणि वाचवणारा गोरा.

१९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुर्ता, निळी जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलगा सूड घ्यायला निघतो आणि अखेर त्याच पोलीस अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. नागरिक सुरक्षा दल उभारतो. चारच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने शस्त्रे खाली ठेवली होती. म्हणून आम्हाला ही गोष्ट खोटी वाटली नाही.

मात्र त्याच जयप्रकाशांना १९७५ मध्ये आणीबाणीत तुरुंगात टाकले गेले. मी वाचलेल्या अंकांत आणीबाणीचे नाव नव्हते. बहादूर डाकू पकडी. माणूस डाकू का होतो, हे फारसे विचारत नसे. रोग्याची पूर्ण हकीकत न ऐकता औषध द्यावे, तसे हे झाले.

तरी एक ऋण सांगतो. दुकानाच्या वाटणीवरून वडिलांचा आणि काकांचा अबोला होता. क्षमावाणीला आम्ही साऱ्या जगाची क्षमा मागायचो, त्या एका घराची सोडून. बहादूर वाचला त्या वर्षी मी काकांच्या दारात गेलो. काकूंनी काही न विचारता पाट मांडला. वडील मात्र चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बापाचे वैर मुलाने चालवलेच पाहिजे असे नाही, हे मला त्या अंकाने शिकवले. ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले. घरात जुना अंक असेल तर नातवंडांना जरूर द्या. आणि वाचून झाल्यावर विचारा, यात काय सांगायचे राहिले?