आरशात बघून पाच वेळा

भयपट हा काही माझा प्रांत नव्हे. रात्री कडी वाजली तरी मी आधी आयतुल कुर्सी म्हणतो आणि मग दिवा लावतो. पण मुलगी सुट्टीवर आली होती, ती म्हणाली, "अब्बा, हा बघाच. यातला चित्रकार थेट तुमच्यासारखा आहे." हे ती कौतुकानं म्हणाली, असं मी धरून चाललो.

सिनेमाचं नाव 'कँडीमॅन'. २०२१ सालचा, निया डाकोस्टा या दिग्दर्शिकेचा. शिकागोत कॅब्रिनी-ग्रीन नावाची गोरगरिबांची सरकारी वसाहत होती. राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय. तिथली शेवटची उंच इमारत २०११ साली पाडली आणि आसपास महागडे फ्लॅट आले. तसल्याच एका फ्लॅटमध्ये अँथनी हा चित्रकार राहतो. बरेच दिवस त्याला नवं काही सुचलेलं नाही. अशात त्या वस्तीतली एक दंतकथा त्याच्या कानावर येते : आरशात बघून 'कँडीमॅन' हे नाव पाच वेळा घ्यायचं, की हाताच्या जागी आकडा असलेला मारेकरी येतो आणि नाव घेणाऱ्यालाच मारतो.

१९९२च्या मूळ सिनेमात या मारेकऱ्याची कहाणी आहे. तोही चित्रकारच. गुलामाचा मुलगा. एका गोऱ्या धनिकाच्या मुलीचं चित्र काढायला गेला, दोघांचं प्रेम जमलं, आणि जमावानं त्याचा हात तोडून, अंगाला मध फासून त्याला मधमाश्यांच्या हवाली केलं. म्हणजे मारेकरी होण्याआधी तो स्वतःच मारला गेलेला.

अँथनी कॅमेरा घेऊन वस्तीत फिरतो, फोटो काढतो, झपाटल्यासारखा रंगवत सुटतो. त्याला तिथंच मधमाशी चावते आणि हात हळूहळू सडत जातो. (हे मला थोडं ढोबळ वाटलं.) खरी भीती मला वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. प्रदर्शनात तो एक आरसा मांडतो. समीक्षक बाई नाक मुरडतात. त्याच रात्री त्या आरशासमोर दोघांचा खून होतो. टीव्हीवर बातमी लागते, बातमीत अँथनीच्या कलाकृतीचा उल्लेख येतो, आणि हा माणूस खुलतो! दोन माणसं मेलीत आणि याला आनंद कशाचा, तर आपलं नाव घेतलं याचा. शेजारी बसलेली त्याची मैत्रीण त्याच्याकडे बघत राहते.

तिथं मी मुलीला सिनेमा थांबवायला सांगितलं. चहा हवाय म्हणालो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावात बाजाराच्या दिवशी एका तरुण पोराचा खून झाला. मारणाराही ओळखीतलाच. मी त्यावर कविता लिहिली, खुनी स्वतःच बोलतोय अशी. कितीतरी रात्री त्याच्या डोक्यात शिरून बसलो होतो. त्याचा चाकू, त्याचा घाम, त्याची झोप. कविता छापून आली, संमेलनात वन्स मोअर मिळाला. परगावाहून पत्रं आली. ती मी अजून जपून ठेवलीत.

त्या पोराचे वडील सायकलीचे पंक्चर काढायचे. एकदा माझी सायकल घेऊन गेलो, तर ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघता बघता, मान वर न करता म्हणाले, "मास्तर, तुमची कविता पोरांनी वाचून दाखवली. चांगली हाय म्हणत्यात. त्यात आमच्या सलीमचं नाव कुठं आलं नाही?"

पंक्चरचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.