रंगभूषा आणि शरीराचा मूळ घाट

[नभोवाणीवर केलेलें भाषण]

जी कला केवळ डोळ्यांसाठीं आहे तिच्याविषयीं नभोवाणीवरून बोलावयाचें, म्हणजे पत्रांतून सुवास पाठविण्यासारखेंच आहे. परंतु तुम्हांला माझा चेहरा दिसत नाहीं, ही गोष्ट आज एका परीनें सोयीची आहे. मला जें सांगावयाचें आहे तें पटण्यासाठीं तुम्हांला माझ्याकडे नव्हे, तर स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहावें लागेल. आणि तेंही डोळ्यांनीं नव्हे, बोटांनीं. तें कसें, हें पुढें ओघानें येईलच.

प्रथम आपण भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर जाऊं. दक्षिण सोलापूर तालुक्यांतील हत्तरसंग-कुडल येथें शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यासाठीं अभ्यासक तेथें जातात. माझें मन मात्र तेथील एका शिवलिंगापाशीं अडकतें. त्या एका पाषाणावर ३५९ मुखें कोरलेलीं आहेत. पाषाणाला निरनिराळे रंग नाहींत. कपाळ, डोळे, नाक, ओंठ सारें एकाच रंगाचें. तरीही मुख ओळखूं येतें, तें कशामुळें? जेथें उजेड पडतो तो भाग पुढें आल्यासारखा दिसतो आणि जेथें सांवली सांठते तो भाग मागें गेल्यासारखा दिसतो, या एवढ्याच नियमामुळें. कोणत्याही कोरीव मुखासमोर दिवा अगदीं नीट समोरून धरा. उठाव नाहींसा होऊन दगड सपाट भासूं लागेल. तोच दिवा बाजूला न्या. नाकाची एक कड काळवंडेल, गालाचें हाड वर येईल आणि दगडांतून माणूस प्रकट होईल. शिल्पकार छिन्नीनें सांवलीला जागा करून देतो. रंगभूषाकार तीच सांवली कुंचल्यानें लिहितो. हल्लीं या कामाला ‘काँटूरिंग’ असें नवें नांव मिळालें आहे. परंतु कला जुनीच आहे.

ती किती जुनी, हें भरताच्या नाट्यशास्त्रावरून कळतें. अभिनयाच्या चार प्रकारांपैकीं आहार्य अभिनयाचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव असे चार भाग त्यांत सांगितले आहेत. अंगरचना म्हणजे नटाच्या अंगाला रंग देणें. यांतील ‘अंग’ हा शब्द ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. केवळ मुख नव्हे, तर मान, हात, दंड, जें जें प्रेक्षकांस दिसतें तें सर्व. मूळ रंग चार : पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा. बाकीचे वर्ण यांच्या मिश्रणानें करावयाचे. आणि गौर वर्ण कसा करावयाचा, म्हणाल, तर तांबड्यांत पिवळा मिसळून. गोरेपणाच्या या कृतींत पांढऱ्याला स्थानच नाहीं! ज्या शास्त्रकारानें रंगभूमीचा इतका बारीक विचार केला, त्याला पिठासारखा पांढरा चेहरा म्हणजे गौर चेहरा, असें कधीं वाटलें नाहीं. ही गोष्ट मला फार उशिरां उमगली. ती कशी, हें मी थोड्या वेळानें सांगणार आहें.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां नाटकाला विजेचा दिवा ठाऊक नव्हता. पुढें ग्यासच्या बत्त्या आल्या, आणि नंतर वीज आली. दिवा बदलला कीं चेहरा बदलतो, हें नाटकमंडळींना अनुभवानें कळलें. रंगमंचाच्या कडेला पायांशीं लावलेल्या दिव्यांचा उजेड खालून वर जातो. सूर्याचा उजेड वरून खालीं येतो. जन्मापासून आपण माणसाचा चेहरा वरच्या उजेडांत पाहत आलेलों असतों. उजेड खालून आला कीं नाकाची सांवली कपाळाकडे चढते, हनुवटी झळाळते आणि ओळखीचा माणूसही परका वाटूं लागतो. समोरचे दिवे फार प्रखर असले, तर नाक, गाल, हनुवटी सर्व एका पातळीवर येतें. दिव्यानें जी सांवली पुसली ती रंगानें परत आणून द्यावयाची, हें रंगभूषेचें पहिलें कर्तव्य होय. पूर्वीं सुकी पूड पाण्यांत वा तेलांत कालवून लावीत. जर्मनींत लुडविग लाइश्नर यानें १८७३ सालीं चरबीयुक्त रंगाच्या कांड्या तयार करावयास आरंभ केला. त्यामुळें एक छटा दुसरींत विरवून टाकणें सोपें झालें, आणि रंगानें सांवली लिहिण्याचें काम खऱ्या अर्थानें साध्य झालें.

आपल्या रंगभूमीवर हें काम दुप्पट कठीण होतें. कारण स्त्रीभूमिका पुरुष करीत. पुरुषाच्या जबड्याचा कोन रुंद असतो, भुवयांवरचें हाड पुढें आलेलें असतें, कंठमणी दिसतो, खांदे भरदार असतात. हें झांकावयाचें कसें? जबड्याच्या कोनावर गडद छटा द्यावी, तो मागें सरतो. भुवयांच्या वरची कडा किंचित् काळवंडावी आणि पापण्यांवर उजेड ठेवावा, डोळे मोठे होतात. खांद्यांचें काम पदर करतो. ‘सौभद्रां’तील सुभद्रा करणारे भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यानंतरचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हे या परंपरेचे मुकुटमणि. १९११ सालीं ‘मानापमाना’ंत श्रीमंताघरची भामिनी आणि १९१९ सालीं ‘एकच प्याल्या’ंत दारिद्र्यानें गांजलेली सिंधू, या दोन्ही भूमिका त्यांनींच केल्या. एकीला शालू आणि दागिने, दुसरीला कांहींच नाहीं. तरीही प्रेक्षकांना दोघींमध्यें स्त्रीच दिसली. रंग आणि वस्त्र यांनीं घाटाला वाट करून दिली, परंतु त्या घाटांत प्राण ओतला तो मानेच्या एका वळणानें आणि सुरानें. २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटांत सुबोध भावे यांच्या चेहऱ्यावर विक्रम गायकवाड यांनीं रंगभूषा केली, तेव्हां त्यांच्यापुढेंही तोच जुना प्रश्न उभा होता : हाडें एकाचीं, आणि भास दुसऱ्याचा.

चित्रपटानें या कलेची आणखी एक परीक्षा घेतली. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या जीवनावर राजकमलनें १९४७ सालीं ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट काढला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या त्यांत भूमिका होत्या. तो कृष्णधवल. कृष्णधवल पडद्यावर माणूस पुन्हां पाषाणाच्या मूर्तीसारखा होतो. रंग नाहीं, केवळ उजेड आणि सांवली. त्याच्याही पूर्वींच्या मुक्या चित्रपटांच्या फितीला तर तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे ओंठ काळे उमटत आणि गालांवरची लाली खड्ड्यासारखी दिसे. म्हणजे आरशांत जें सुंदर तें पडद्यावर भेसूर! पुढें रंगीत चित्रपटासाठीं म्याक्स फ्याक्टर यांच्या कारखान्यानें १९३७ च्या सुमारास ‘पॅनकेक’ तयार केला. पाण्यानें लावावयाचा तो रंग पुढें घरोघरीं पोंचला, आणि माझ्याही पेटींत आला.

आतां माझी चूक सांगतों. बरींच वर्षें झालीं. शहरांतील एका शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांना रंगविण्याचें काम मजकडे होतें. जिजाबाईंची भूमिका करणारी मुलगी सांवळी होती. कपाळ भव्य, गालांचीं हाडें उंच. राजमाता म्हणजे गोरी, अशी माझ्या डोक्यांत एक मूर्ति ठरून गेलेली. मीं तिच्या कातडीहून तीन छटा उजळ असा पॅनकेक जाड थापला, वर पावडर मारली, आणि समाधानानें दुसऱ्या मुलाकडे वळलों. इतक्यांत तिची आजी रंगपटांत आली. ती विड्या वळणारी बाई. दिवसाचें काम आटोपून नातीचें नाटक पाहावयास आलेली. ती मुलांमधून फिरली, नातीच्या अगदीं समोरून गेली, आणि मला म्हणाली, “मास्तर, आमची पोरगी कुठं हाय ओ?” मुलगी म्हणाली, “आजी, मी हितंच हाय की.” म्हातारीनें तिच्याकडे बराच वेळ पाहिलें आणि हळूच विचारलें, “हिला हिच्या आज्याची गालफाडं हायती. ती कुठं घालवली ओ तुमी?”

तिच्या स्वरांत राग नव्हता, म्हणून तें वाक्य अधिकच लागलें. मुलीचे डोळे भरून आले होते. पहिली घंटा व्हावयाची होती. मीं खोबरेल तेलानें तो सारा रंग उतरविला आणि तिच्या स्वतःच्या वर्णाचाच पातळ हात दिला. गालांच्या हाडांखालीं एक गडद छटा, हाडांच्या माथ्यावर किंचित् उजेड, डोळ्यांना काजळाची रेघ, एवढेंच. मग मी शेवटच्या रांगेंत जाऊन उभा राहिलों. पडदा वर गेला, आणि त्या प्रखर दिव्यांत बाकीच्या मुलांचे चेहरे चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसत असतां, त्या एका मुलीचा चेहरा मात्र मागच्या भिंतीपर्यंत पोंचत होता. माझ्यापुढें दोन रांगांवर तिची आजी बसली होती. तिनें या वेळीं कोणालाच कांहीं विचारलें नाहीं.

त्या दिवसापासून मीं एक नियम पाळला आहे : रंगाला हात लावण्यापूर्वीं हाडाला हात लावावयाचा. श्रोतेहो, आतां तुम्हीही तसें करून पाहा. बोट कानापासून ओंठांच्या कोपऱ्याकडे हलकेच न्या. मध्येंच एक कठीण कडा लागेल आणि तिच्या खालीं बोट आंत जाईल. ती कडा म्हणजे गालाचें हाड, आणि तो खोलगट भाग म्हणजे सांवलीचें घर. तसेंच कपाळाच्या दोन्ही बाजूंस, जबड्याच्या खालच्या कांठास आणि गळ्याखालच्या दोन हाडांच्या वरील खळग्यांत. गडद छटा त्या खळग्यांतच द्यावी; उजळ छटा हाडाच्या माथ्यावर. गडद छटा आपल्या वर्णाहून एक-दोन पायऱ्यांपेक्षां अधिक खोल नसावी, आणि ती तांबूस नसावी. खरी सांवली कधीं तांबूस नसते, ती धुरकट तपकिरी असते. दोन छटांची सीमा दिसतां कामा नये. जेथें रेघ दिसली तेथें सांवली संपली आणि डाग सुरू झाला, असें समजावें. चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या आणि हात तिसऱ्या, असेंही होऊं देऊं नये. भरतानें ‘अंगरचना’ म्हटलें आहे, तें उगीच नव्हे. शिवाय आपल्या सोलापुरांत चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. जाड थर घामानें फुटतो. पातळ थर टिकतो. गरमीसुद्धां आपल्याला संयमच शिकविते.

संयम सुटला म्हणजे काय होतें, याचा इतिहास कडू आहे. उजळ दिसण्याच्या हव्यासापायीं अनेक देशांतील लोकांनीं शतकानुशतकें शिसें घातलेला सफेदा तोंडाला फासला. शिसें हें विष आहे. मुर्दाडशिंगही शिशाचेंच, आणि हिंगूळ पाऱ्याचा. आजही कातडी गोरी करणाऱ्या कांहीं चोरट्या मलमांत पारा सांपडतो आणि तो मूत्रपिंडें बिघडवितो. १९७५ सालीं आपल्या देशांत बाजारांत आलेल्या एका अतिप्रसिद्ध मलमाच्या कंपनीनें २०२० सालीं त्याच्या नांवांतील ‘गोरी’ या अर्थाचा शब्द काढून टाकला. डबीवरचा शब्द एका दिवसांत गेला; मनांतला जावयास वेळ लागेल. विवाहाच्या दिवशीं नवरी बोहल्यावर येते आणि तिच्या मैत्रिणी क्षणभर तिला ओळखीत नाहींत, असें आजही आपण पाहतोंच ना?

रंगभूषा करूं नये, असें मी म्हणत नाहीं. माझें तर आयुष्यच तिच्यांत गेलें आहे. ती अवश्य करावी. परंतु ती करणाऱ्यानें शिल्पकाराची दृष्टि ठेवावी. शिल्पकार दगडाचा रंग बदलीत नाहीं. तो उजेडाला आणि सांवलीला आपापली जागा दाखवितो. आपल्या चेहऱ्याचा घाट हा कोणा एकाचा नसतो. कपाळ आईकडून येतें, हनुवटी बापाकडून, आणि गालफाडें आज्याकडून. त्यांना उठाव द्यावा. पांढऱ्या थराखालीं त्यांना पुरून टाकण्याचा अधिकार रंगभूषाकाराला नाहीं, आणि मला वाटतें, आपल्या स्वतःलाही नाहीं.

आज रात्रीं चेहरा धुतांना तुमचीं बोटें सहज गालाच्या हाडावरून फिरतील, तेव्हां क्षणभर थांबा आणि तें हाड कोणाकडून आलें असेल, याचा विचार करा.