दातांमधला थर आणि कानापुढचा सांधा



सुरुवातीला आपण सगळ्यांनी मिळून एक गोष्ट करू या. दोन्ही तर्जनी कानाच्या भोकापुढे, अगदी लगत ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखाली काहीतरी आधी जागच्या जागी फिरतं आणि तोंड आणखी उघडलं की पुढे सरकतं. आता मिटा. ते मागे आपल्या जागी जातं. काहींना खटका लागला असेल, शेजारच्याला तो ऐकूही गेला असेल. घाबरू नका. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या खटक्याला उपचार लागत नाहीत.

बोटांखाली लागला तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचं हाड एक आणि त्याला सांधे दोन. झोपाळ्याची फळी जशी एकाच कडीवर हलवता येत नाही, तसा यातला एक सांधा दुसऱ्याला सोडून हलू शकत नाही. डावीकडे दुखलं की माणूस उजवीकडे चावतो आणि थोड्या दिवसांत उजवी बाजूही कुरकुरायला लागते, त्याचं कारण हेच.

या सांध्यात जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. कडेला जाड आणि मध्यभागी पातळ. ती सांध्याचे दोन मजले करते. खालच्या मजल्यात माथा फिरतो, वरच्या मजल्यात चकतीसकट पुढे सरकतो. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर तोंड उघडेपर्यंत मुख्यतः फिरणं आणि पुढे चार-साडेचार सेंटिमीटरपर्यंत सरकणं, अशी ही विभागणी. गुडघ्यात किंवा खुब्यात हाडांच्या टोकांवर काचेसारखी गुळगुळीत कूर्चा असते. इथे मात्र तंतुमय कूर्चा असते. ती झीज जास्त सोसते आणि स्वतःची डागडुजीही बऱ्यापैकी करते.

वाळलेली कवटी उजेडासमोर धरली तर या खोबणीच्या छतातून उजेड आरपार दिसतो, इतकं ते हाड पातळ असतं. त्याच्या वर लगेच मेंदू. विद्यार्थ्यांच्या हातात मी ही कवटी नेहमी देत असे, कारण पुस्तकातल्या आकृतीवरून हे मनावर ठसत नाही. भार छतावर पडण्यासाठी नाहीच. तो खोबणीच्या पुढच्या उतारावर, जाड हाडावर पडतो आणि मध्ये चकती असते म्हणून पसरून पडतो. पुढे एक फार दुःखद हकिगत सांगणार आहे, तेव्हा हे पातळ छत लक्षात असू द्या.

थोडं विषयांतर करतो, पण ते केल्यावाचून राहवत नाही. कार्ल राइशर्ट या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने 1837 मध्ये भ्रूणांचा अभ्यास करून दाखवलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याचा सांधा ज्या हाडांनी बनतो, तीच हाडं सस्तन प्राण्यांत मधल्या कानातली हातोडा आणि ऐरण होतात. म्हणजे जुना सांधा ऐकण्याच्या कामाला लागला आणि चावण्यासाठी त्याच्या पुढ्यात नवा तयार झाला. कान आणि जबडा इतके शेजारी का, याचं उत्तर त्यात आहे. कान दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाचा कान कित्येकदा अगदी निर्दोष असतो आणि दुखणं निघतं सांध्याचं.

आता दातांकडे येऊ. तोंड मिटताना सांध्याचा माथा कुठे जाऊन थांबणार, हे शेवटी दात एकमेकांवर कसे टेकतात यावर ठरतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. त्यातल्या चेता इतक्या तल्लख असतात, की दातांमध्ये केस आला तरी कळतो. म्हणून कॅप बसवल्यावर रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, उंच लागतंय." त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं.

ही कॅप ज्यावर बसते तो सिमेंटचा थर किती जाड असावा? कॅप चिकटवण्याच्या सिमेंटसाठी आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, 25 मायक्रॉनपेक्षा जास्त नको. हे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी झालं.

आमच्या पिढीने हा थर झिंक फॉस्फेटने शिकला. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं सिमेंट. झिंक ऑक्साइडची भुकटी आणि फॉस्फोरिक आम्लाचा द्राव एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने मिश्रण आणखी लवकर घट्ट होतं. म्हणून जाड काचेची लादी थंड करून घ्यायची, भुकटीचे लहान लहान भाग पाडायचे, पहिला भाग अगदी थोडासा घ्यायचा आणि लादीचा मोठा भाग वापरून स्पॅच्युलाने पसरून घोटायचं. घाई केली की जाड गोळा होतो, कॅप पूर्ण खाली बसत नाही आणि रुग्णाला दात उंच लागतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आणखी एक पंचाईत असते. लादी जरा जास्त थंड झाली की तिच्यावर हवेतली वाफ धरते आणि तेवढ्या पाण्यानेही सिमेंट वेळेआधी घट्ट होतं. स्पॅच्युला वर उचलल्यावर सिमेंटची तार किती लांब येते यावर घोटणाऱ्याचा हात ओळखला जाई. आज कुपीत मोजून भरलेली सिमेंटं मिळतात. ही सोय मोठी आहे, तरी पदार्थ कसा घट्ट होतो हे त्या लादीवर जितकं कळे तितकं कुपीत कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

झिंक फॉस्फेट दाताला चिकटत नाही. खडबडीत पृष्ठभागांच्या खाचांत अडकून ते कॅप धरून ठेवतं. दाताला रासायनिक रीतीने धरणारं पहिलं सिमेंट मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी 1968 मध्ये आणलं. ते झिंक पॉलिकार्बोक्झिलेट. त्यानंतर लवकरच लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमर तयार केलं. फ्लोराइड असलेल्या खास काचेची भुकटी आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल एकत्र आले की आम्ल काचेच्या कणांचा वरचा थर विरघळवतं. त्यातून आधी कॅल्शियम आणि मग ॲल्युमिनियम सुटतं आणि आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. त्याच साखळ्या दातातल्या कॅल्शियमलाही धरतात. दंतपदार्थांत मला सर्वांत जास्त आदर कुणाबद्दल वाटत असेल, तर या सिमेंटबद्दल.

कारण त्याचं पुढे काय झालं ते पाहा. 1980 च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन या डच दंतवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणी दात वाचवायची रीत बसवली. हातातल्या अवजारांनी मऊ पडलेला, किडका भाग काढायचा आणि पोकळीत हे सिमेंट भरायचं. जिथे किडलेला दात म्हणजे उपटायचा दात असं समीकरण होतं, तिथे तो तोंडात राहू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमरचा समावेश केला. त्याची कमजोरीही सांगायला हवी. ते ठिसूळ आहे. दोन दाढांमधल्या फटीपर्यंत गेलेल्या मोठ्या पोकळीत, जिथे चावण्याचा पूर्ण भार येतो, तिथे ते तुटतं. एकाच पृष्ठभागावरच्या लहान पोकळीत मात्र छान टिकतं. पदार्थ तोच, जागा बदलली की निकाल बदलतो.

बांधकामाचं सिमेंटही दातात आलं आहे. जोसेफ ॲस्पडिनने 1824 मध्ये पेटंट घेतलेल्या पोर्टलंड सिमेंटच्याच जातीचा, शुद्ध केलेला आणि क्ष-किरणांत दिसावा म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेला पदार्थ 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणला. त्याचं नाव एमटीए. ओल असेल तरी तो घट्ट होतो, म्हणून मुळाला पडलेलं भोक बुजवायला अमोल.

आता सांध्याकडे परत येतो. सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 1934 मध्ये अकरा रुग्णांवरून एक निष्कर्ष मांडला. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, माथा मागे सरकून कानाच्या नसांवर दाब देतो आणि कानदुखी, डोकेदुखी होते, असं त्यांचं म्हणणं. दंतवैद्यांनी ते उचलून धरलं. व्हिएन्नात शिकलेले शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी 1948 मध्ये दाखवून दिलं, की सांध्याची रचनाच अशी आहे की माथा तिथे जाऊन त्या नसा दाबू शकत नाही. लक्षणं खरी होती, त्यांचं स्पष्टीकरण चुकलं होतं. तरीही दात घासून चावा "नीट" करण्याचा उपचार कित्येक वर्षं चालू राहिला. आज पुरावा त्याच्या बाजूने नाही. बहुतेकांना मऊ आहार, शेक, व्यायाम आणि गरजेनुसार रात्री लावायची पट्टी यांनी आराम पडतो. सांधा दुखतो म्हणून कुणी निरोगी दात घासायला निघालं, तर त्याला थांबवा. घासलेलं इनॅमल परत येत नाही. नव्या कॅपचा उंच भाग घासणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ती योग्यच आहे.

आता ती दुःखद हकिगत. सरकलेली, फाटलेली चकती काढून तिच्या जागी बसवायला ह्यूस्टनच्या विटेक कंपनीने टेफ्लॉन आणि प्रोप्लास्टची चकती काढली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1983 मध्ये ती बाजारात येऊ दिली, आधीपासून असलेल्या वस्तूंसारखीच आहे या आधारावर. टेफ्लॉन शरीरात निरुपद्रवी असतं हे खरं. पण निरोगी तरुण माणूस दाढांवर 50 किलोंहून जास्त दाब आणू शकतो आणि त्यातला वाटा सांध्यावर येतो. त्या दाबाखाली, सतत सरकणाऱ्या माथ्यावर टेफ्लॉनचा चुरा झाला. चुऱ्याला परका समजून शरीराच्या पेशींनी हल्ला चढवला आणि त्या हल्ल्यात आजूबाजूचं हाड विरघळलं. माथे झिजले, आणि काही रुग्णांत ते पातळ छत भेदून भोक मेंदूच्या कप्प्यापर्यंत गेलं. डिसेंबर 1990 मध्ये प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला, पण तोवर हजारो माणसांच्या सांध्यांत ही चकती बसली होती. पुष्कळांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. पदार्थ तपासला होता, सांधा तपासला नव्हता. आजचे कृत्रिम सांधे धातूचे आणि खास पॉलिथिलीनचे असतात, रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्या मापाचेही करता येतात, आणि ते या अनुभवानंतर घडले आहेत.

वाढत्या वयाच्या मुलांना मात्र धातूचा सांधा सहसा बसवत नाहीत, कारण तो मुलाबरोबर वाढत नाही. मुलांच्या सांध्याचा हा प्रश्न आपल्याला फार जवळचा आहे. मूल हनुवटीवर पडतं. हनुवटीला टाके पडतात, जखम भरते. पण आघात वर चढून सांध्याचा माथा चिरडला गेला असेल, तर आत रक्त साठतं, पुढे त्याचं हाड बनतं आणि जबडा कवटीला जोडला जातो. कानातला पू सांध्यात उतरला तरी हेच होतं. तोंड हळूहळू बंद होतं, जबड्याची वाढ थांबते, हनुवटी मागे राहते. मग भूल देण्यासाठी नळी घालायलाही तोंड उघडत नाही. दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातून घालावी लागते. शस्त्रक्रियेत जुळलेलं हाड कापतात, मध्ये कानशिलाच्या स्नायूचा थर घालतात आणि गरज असेल तर त्याच मुलाची कूर्चेसह बरगडी माथ्याच्या जागी बसवतात, कारण ती वाढू शकते.

तोंड न उघडण्याचं कारण दरवेळी सांधाच असतं असं नाही. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठर होते आणि तोंड आवळत जातं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी दवाखान्यात असे तरुण येतातच.

ओळखायची खूण सोपी आहे. स्वतःची तीन बोटं उभी करून स्वतःच्या तोंडात जायला हवीत. हनुवटीवर पडलेल्या मुलाचे टाके घालून झाले की डॉक्टरांना सांध्याबद्दल विचारा, गरज असल्यास क्ष-किरण फोटो काढून घ्या, आणि ते सांगतील तेव्हापासून मुलाकडून तोंड उघडण्या-मिटण्याचा व्यायाम करून घ्या. टाके सुकले म्हणून तो सोडू नका. पुढचे काही महिने मधूनमधून तीन बोटं घालून पाहा, आणि ती दोनवर आली तर त्याच आठवड्यात मुखशल्यचिकित्सकाकडे न्या.