वर्गातील शिस्त आणि शिक्षकांची दृष्टी



“हाडे आमची, चामडी तुमची” असे सांगून मुलाला शिक्षकाच्या हवाली करणारे पालक आपल्यात पुष्कळ होते. माध्यमिक शाळेतील अनेक शिक्षकांनाही शांत वर्ग म्हणजेच चांगला वर्ग असे वाटते. परंतु धाकाने गप्प बसलेले मूल न समजलेले विचारीत नाही. दहावीला गणितात ते अडते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांच्या चित्रफिती अभ्यासून १९७० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला आढळले, की यशस्वी शिक्षकाचे वेगळेपण शिक्षा करण्यात नसते. त्याची नजर सर्व वर्गावर असते, पाठ अडखळत नाही, कोणी रिकामे बसत नाही. म्हणून गोंधळ मुळातच कमी होतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे.

तेव्हा पालकहो, शिक्षकांना भेटाल तेव्हा “त्याला चांगला चोप द्या” असे सांगू नका, “तो वर्गात प्रश्न विचारतो का?” एवढे अवश्य विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, शंका आली की हात वर करा. मात्र सोबत्याचे बोलणे आधी पुरे होऊ द्या.