पेन्सिल मी देईन
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता माझी ओळख 'क्रिकेट खेळणाऱ्या मुलीची आई' अशी करून दिली. पण त्याच्या कितीतरी आधी मी याच मैदानाची स्कोअरर होते! आपल्या वर्गाची मॅच असली की लिंबाखाली बसून चौकटीच्या वहीत धावा कोण लिहायचं, आठवतं ना? अक्षर बरं म्हणून सरांनी मला बसवलं. बॅट धरू का, असं मी कधी विचारलं नाही. आणि खेळतेस का, असं मलाही कुणी विचारलं नाही.

पुण्यात मुलगी 14 वर्षांखालच्या संघात खेळायला लागली. रविवारी सकाळी मैदानावर गेलं की कळायचं, अंपायर एकच आलाय आणि स्कोअरर नाहीच. मग कोच पालकांकडे बघणार. अंपायर व्हायला बाबा लोक एका पायावर तयार, वहीकडे मात्र कुणी फिरकायचं नाही. ती मी घेतली.

वाटलं, बेरीज तर करायची! पण वाइड बोलरच्या नावावर चढतो, लेग बाय चढत नाही. अंपायरनं खूण केली की हात वर करून पोच द्यायची, तोपर्यंत त्यानं थांबायचं. दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी बसून आकडे जुळवतात. समोरच्या संघातल्या एका आईशी माझी अशीच गट्टी जमली.

एकदा शेवटच्या चेंडूवर जिंकायला 2 धावा हव्या होत्या. माझी लेक नॉन-स्ट्रायकर, आणि स्क्वेअर लेगला अंपायर म्हणून उभे तिचेच बाबा. दोघी मुली जिवाच्या आकांतानं पळाल्या, दोन धावा पूर्ण झाल्या, नाचायलाही लागल्या. तेवढ्यात बाबांनी सांगितलं, वळताना बॅट रेषेच्या आत टेकली नाही. एक धाव कापली, मॅच बरोबरीत सुटली. माझी मान वहीत होती, मी काही पाहिलं नव्हतं. अंपायरनं सांगितलं तेच लिहायचं असतं. मी 1 लिहिला, शेजारच्या ताईंनीही 1 लिहिला.

दोन दिवस लेक बाबांशी बोलली नाही. माझ्याशीही जेवणापुरतंच. तिसऱ्या दिवशी गच्चीवर खडूची रेघ मारून बॅट सरकवत वळायचा सराव सुरू झाला. रेघ कुणी मारून दिली, ते घरातलं गुपित आहे. पोरीच्या मॅचला बापानं अंपायर होऊ नये, हे माझं तेव्हापासूनचं मत. पण दुसरं माणूसच नसेल तर मॅच होत नाही, हेही खरं.

नवी मुंबईच्या वृंदा राठी यांनीही आधी स्कोअरिंग केलं, मग अंपायरिंग. 2023 मध्ये रणजी सामन्यात अंपायर म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांत त्या होत्या. मी लिंबाखाली बसायचे तेव्हा असं काही असतं हे ठाऊकच नव्हतं.

काल संध्याकाळी मैदानावर आले, तर पोरांत दोन मुली टेनिस बॉलनं खेळत होत्या. एकीचा हात चांगला वळतो, सर, बघून ठेवा. मुलींची मॅच लावा, स्कोअरबुक मी आणलंय. स्कोअरर मात्र दोन लागतात. ज्यांच्या धावा मी लिहिल्या, त्यांच्यापैकी कुणीतरी शेजारी येऊन बसा. पेन्सिल मी देईन.