रॅम्प बांधला, माणूस नेमला का?



आज मी अपंग व्यक्तींसाठीच्या सार्वजनिक सेवांवर बोलणार आहे आणि त्याहून जास्त त्या सेवा देणाऱ्या माणसांवर. आपल्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के होतं. हा फरक नशिबाचा नाही. गटारात कोण उतरतं, वीटभट्टीवर कोण राबतं, कुणाच्या बाळंतपणाला दवाखाना लांब पडतो, हे आपल्या देशात जन्मावरून ठरत आलंय.

२०१५ साली पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि लवकरच तो सरकारी कागदावर आला. ‘हरिजन’ या शब्दाचा अनुभव घेतलेल्या समाजाला यावर जास्त सांगायला नको. नावात देव आणला म्हणून ताटात काही पडत नाही. मी ‘अपंग’ असंच म्हणेन.

२०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा चांगला आहे. अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आलं. ज्यांना जास्त मदत लागते, त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद झाली. पण कायदा स्वतः चाकाची खुर्ची ढकलत नाही, कचेरीत खुणांच्या भाषेत बोलत नाही, परीक्षेत लेखनिक म्हणून बसत नाही. त्यासाठी माणूस लागतो. त्या माणसासाठी मंजूर पद लागतं आणि पदाला पगार लागतो. सगळं अडतं ते इथंच.

शाळांचं उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं मंजूर करा, जाहिरात काढा. मधल्या काळात मुलं मात्र मोठी होत गेली.

अंगणवाडीचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अपंग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती आणली. लहान वयात अपंगत्व ओळखणं ही गोष्ट फार मोलाची आहे. पण हे काम करणाऱ्या सेविकेला केंद्राच्या दराने महिना ४५०० रुपये मानधन, मदतनिसाला २२५०. राज्य त्यात भर घालतं, पण त्याला पगार म्हणत नाहीत. आणि घरी अपंग माणसाला उचलणारी, धुणारी, भरवणारी आई किंवा बहीण? तिचं काम तर कुठल्याच हजेरीपटावर नाही.

म्हणजे सेवा घेणारा आणि सेवा देणारी, दोघं बहुतेक वेळा एकाच वस्तीतले असतात. ‘सेवा सुधारायच्या तर खर्च कमी करा’ असं म्हणत खासगी एजन्सीकडून माणसं घेतली, की दोघांचंही नुकसान होतं. एजन्सीला बिंदुनामावली नसते. तिथं आपलं आरक्षण जातं आणि अपंगांचे ४ टक्केही जातात. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला, तर मतिमंद मुलाला त्याची ओळख पटणार कधी?

काही जण विचारतात, अपंगांच्या आरक्षणामुळे आपल्या जागा कमी होतात का? इंद्रा साहनी खटल्याच्या १९९२ च्या निकालात याचं उत्तर आहे. हे आरक्षण समांतर आहे. अनुसूचित जातीचा अपंग उमेदवार निवडला गेला, तर तो अनुसूचित जातीच्याच जागेवर बसतो. तोही आपलाच आहे. त्याला विसरायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. अपंगांच्या चळवळीत जात विचारली जात नाही आणि आपल्या चळवळीत अपंगत्व. आपल्या किती अभ्यासिका, किती विहारं जिना न चढता गाठता येतात, एकदा मोजून पाहा.

घरातले पहिले पदवीधर म्हणून आपल्याला एक विद्या आली आहे. बिंदुनामावली वाचता येते, अनुशेष काढता येतो, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या कार्यालयाला तीन प्रश्न विचारा. ४ टक्क्यांतली किती पदं रिकामी आहेत? ती पुढच्या भरतीत ओढली का? कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी कोण आहे? उत्तर घेऊन वस्तीतल्या अपंग तरुणांकडे जा आणि पुढचा अर्ज त्यांच्याच सहीने करा.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये अपंगत्वात शासनाचं साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिला आहे, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. सरकार बोट ठेवतं ते या शेवटच्या शब्दांवर. आपण हक्क या शब्दावर बोट ठेवू या.

जयभीम.